म्हातारीनं दार उघडलं

गोष्ट सांगताना समोरून कुणीतरी 'हूं' म्हणत राहायला लागतं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. आमच्याकडे त्याला हुंकारा म्हणतात. सांगणाऱ्यानं एक वाक्य टाकायचं, ऐकणाऱ्यानं 'हूं' करायचं, मग पुढचं वाक्य. हुंकारा थांबला की गोष्ट थांबते. ऐकणारा पेंगला असेल, रुसला असेल, नाहीतर पाणी प्यायला उठला असेल, सांगणाऱ्यानं तिथंच तोंड मिटायचं. माझी थोरली बहीण, अक्का, या बाबतीत फार कडक होती. राजा शिकारीला निघालाय, एक पाय रिकिबीत टाकलाय आणि नेमका माझा डोळा लागला, तर राजा दुसऱ्या दिवशीपर्यंत तसाच एका पायावर उभा. सकाळी उठून मी कितीही गयावया केली तरी ती म्हणायची, "तू झोपलीस, त्यो बी थांबला."

अक्का माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. मी चार वर्षांची असताना आई गेली आणि त्याच वर्षी अक्काचं लग्न झालं. तासगावजवळच्या एका गावात तिला दिली, आणि तिच्याबरोबर मीही गेले. अक्काच्या सासूनं नव्या सुनेबरोबर आलेलं हे शेपूट कसं काय खपवून घेतलं, याचं मला अजून नवल वाटतं. मी तिथंच वाढले, दहावी झाले, पुढं सांगलीला शिकले, तिथंच मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले, लग्नही तिथंच झालं. मला जे काही बोलता येतं, लिहिता येतं, ते अक्काच्या गोष्टींतून आलंय, असं मी पुढं व्यासपीठांवरून पुष्कळदा सांगितलं. अक्का त्यातल्या एकाही कार्यक्रमाला आली नाही. तिला लिहिता-वाचता येत नाही, आणि खुर्चीवर ओळीनं बसून काही ऐकायची तिला सवयही नाही.

त्या गावात आधी द्राक्षं आली, मागोमाग ती वाळवून बेदाणा करायच्या शेडी आल्या. अक्का बेदाणा निवडायला जाऊ लागली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गेले की मीही तिच्याबरोबर शेडीत जाऊन बसायची. सुकलेल्या बेदाण्याचा ढीग मध्ये, भोवती दहा-बारा बायका. काडी वेगळी, काळा दाणा वेगळा, हिरवा वेगळा. हात चालूच राहतात पण डोकं मोकळं असतं, म्हणून तिथं गोष्टी चालायच्या. सांगणारी बहुतेक वेळा अक्काच. हुंकारा द्यायला मात्र बायका कंटाळायच्या, म्हणून ते काम अक्काला उशिरा झालेल्या मुलीकडे आलं होतं. ती तेव्हा सहा वर्षांची होती. उपड्या क्रेटवर बसायची, दोन्ही हात मांडीखाली घालून, आणि प्रत्येक वाक्याला न चुकता, न कंटाळता 'हूं' म्हणायची. असा हुंकारा देणारं पोर मी दुसरं पाहिलं नाही. अक्का तिला म्हणायची, तुझ्या जिवावर माझं तोंड चालतंय बघ.

अक्काची सगळ्यात आवडती गोष्ट नावडत्या राणीची. ही घरोघरची गोष्ट आहे, प्रत्येकीची थोडी निराळी. अक्काची अशी होती: राजाला सात राण्या, सहा आवडत्या, एक नावडती. नावडतीला दिवस जातात. बाळंतपणाच्या वेळी सहाजणी तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात, बाळ पळवतात आणि जागेवर वरवंटा ठेवतात. राजाला सांगतात, राणीला वरवंटा झाला. राजाही असा शहाणा की त्याला ते पटतं. तो तिला रानात कावळे हाकायला बसवतो. बारा वर्षं ती गोफण फिरवते. मग बाळ मोठं होऊन येतं, खरं काय ते उघडकीला येतं, राजा पालखी पाठवतो आणि राणी पालखीत बसून परत जाते. नावडतीची आवडती होते. इथं अक्का हात जोडायची आणि बायका उसासे टाकायच्या.

एका दुपारी गोष्ट संपल्यावर क्रेटवरची पोर म्हणाली, "ती परत कशाला गेली?"

बायका हसल्या. अक्कानं बेदाण्यातनं मान वर केली नाही. ती म्हणाली, मग जाईल कुठं? पोरीनं क्षणभर विचार केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "मावशीकडं जाईल की."

मग तर बायका खो खो हसल्या. मीही हसले, तिला जवळ ओढून तिचा मुका घेतला. मला फार अभिमान वाटला. सांगलीला परतल्यावर मी तिचा तो पहिला प्रश्न वहीत लिहून ठेवला. दुसरं वाक्य, मावशीचं, ते लिहिलं नाही. ते मला तेव्हा नुसतं गोड वाटलं होतं.

पुढं ती अकरावी-बारावीला माझ्याच घरी राहिली. आमच्या घरावर वरच्या मजल्याला एकच खोली आहे, जिना बाहेरून. ती तिची खोली. माझी मुलगी तिच्याहून दोन वर्षांनी लहान. दोघी तिथंच अभ्यासाला बसायच्या, म्हणजे अभ्यास सोडून बाकी सगळं करायच्या. बारावीनंतर ती गावी परत गेली आणि विशीत तिचं लग्न ठरलं. मुलगा विट्याकडचा. त्या भागातले पुरुष देशभर पांगलेले असतात, सोनं गाळायचं, शुद्ध करायचं दुकान टाकून. याचंही दुकान असंच दूर दक्षिणेत, दोन दिवसांच्या प्रवासावर. घर चांगलं, माणसं वळणाची, मुलगा निर्व्यसनी. अक्कानं मला विचारलं, तुला कसं वाटतंय? मी म्हणाले, मला चांगलं वाटतंय.

लग्नानंतर दोन वर्षांनी एका सकाळी आमच्या दाराची बेल वाजली. बाहेर ती उभी होती. खांद्याला एक पिशवी, पायात घरातल्या स्लिपरा. गावाकडे न जाता ती थेट सांगलीला आली होती. मी विचारलं, अक्काला ठाऊक आहे? तिनं नाही अशी मान हलवली. आई रडत बसेल, आणि रडून झालं की चुलतमामाला बोलावून आणील, म्हणून मी तुझ्याकडे आलो, असं ती म्हणाली. आमच्या भागातल्या बायका स्वतःबद्दल बोलताना आलो, गेलोच म्हणतात. मी शाळेत शिकवून शिकवून ते सोडून दिलं होतं.

तिनं सांगितलं ते एवढंच. नवरा दुकानात जाताना बाहेरून कडी लावून जातो. फोन बरोबर घेऊन जातो. तिथली भाषा तिला येत नाही, शेजारणीशी बोलायची तर खिडकीतून, खुणांनी. अक्काशी बोलायचं ते तो समोर बसलेला असताना. गावाकडचे कुणी आले की कडी नसते, हसणं-बोलणं सगळं असतं. परवा कडी लावायची राहिली, तशी ती निघाली. ती हे सांगत होती तेव्हा मी तिच्यासाठी पोहे करत होते. गॅसकडे तोंड करूनच मी विचारलं, "मारतो का?"

"कवातरी," ती म्हणाली.

आज सांगायला लाज वाटते, पण ते ऐकून मला बरं वाटलं होतं. रोज म्हणाली असती तर मला काहीतरी करावं लागलं असतं.

तेव्हा माझ्या मुलीचं लग्न जमत आलं होतं. मुलगा साताऱ्याचा, फौजेत, घराण्यात तीन पिढ्या फौजेच्या. साखरपुडा आमच्या घरी, बारा दिवसांवर. साताऱ्याचे पाहुणे त्याआधी एकदा घर बघायला येणार होते, आणि वरच्या खोलीत त्यांची बसायची सोय करायची होती. पण खोलीचं निमित्तच. पाहुण्यांनी विचारलं, ही कोण, तर मी काय सांगणार होते? मुलीची मावसबहीण, नवऱ्याकडून पळून आलेली? आमचे हे म्हणाले, राहू दे की, पोरगी आपलीच आहे. त्यांच्या बाजूनं प्रश्न तेवढ्यात मिटला होता. ज्या बाईनं शाळा-कॉलेजात, महिला मंडळांत उभं राहून परीकथांमधल्या मनोऱ्यांत कोंडलेल्या राजकन्यांवर व्याख्यानं दिली होती, तिच्या बाजूनं तो मिटला नाही.

चार दिवस मी तिला ठेवून घेतली. ती पोळ्या लाटायची, माझ्या मुलीच्या साड्यांना फॉल लावायची, दुपारी वरच्या खोलीत जाऊन झोपायची. आपल्या जुन्या कपाटातली पुस्तकं तिनं काढून पुसून परत लावली. तिसऱ्या दिवशी ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "मी हितंच ऱ्हातो, मावशी. कुठं तरी नोकरी बघतो. तुला जड न्हाई व्हायचा."

मी तिला जे सांगितलं ते माझ्या शब्दांत लिहायला नको, ते सगळ्यांना पाठ आहे. एक मूल झालं की माणूस बदलतो. परक्या मुलखात राहतो, काळजी वाटते म्हणून कडी लावत असेल. आत्ता लग्नघर आहे, एवढं पार पडू दे, मग आपण बसून बोलू. तोवर जाऊन बघ. मी हे सगळं मऊ आवाजात सांगितलं, तिच्या केसांवरून हात फिरवत. शाळेत माझा आवाज चांगला आहे म्हणून मला नेहमी बक्षीस समारंभाला बोलायला लावत असत.

पाचव्या दिवशी मी स्वतः तिला एसटीनं विट्याला घेऊन गेले. नवरा तिला शोधत तिथं येऊन बसला होता. तिच्या सासूसाठी मी साडी, घरासाठी लाडूंचा डबा घेतला होता. बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. बसभर मी बोलत होते, तिला धीर द्यायला आणि खरं तर मला स्वतःला. मी एक वाक्य टाकायची आणि ती 'हूं' म्हणायची. विटा येईपर्यंत तिनं एकदाही चुकवलं नाही. मला वाटलं, तिला पटतंय.

तिच्या सासूनं माझी ओटी भरली. विहीणबाई तुमी होता म्हणून बरं झालं, न्हाईतर पोरीचा जीव बावचळला हुता, असं काहीतरी ती म्हणाली. जावयानं वाकून नमस्कार केला. मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली नाही, आत चहाच्या कपबश्या विसळत होती. अक्काला मी काही सांगितलं नाही. तिलाही बसमध्ये बजावलं होतं, अक्काच्या जिवाला घोर नको. त्यालाही ती 'हूं' म्हणाली होती.

माझ्या मुलीचं लग्न छान झालं. अक्काची मुलगी नवऱ्याबरोबर आली होती, मोरपंखी साडीत, पंगतीत वाढत होती. 'मग आपण बसून बोलू' हे माझ्या लक्षात होतं. लग्न झाल्यावर बोलू म्हटलं, मग मुलीची पहिली दिवाळी, मग माझी नोकरी, मग माझं निवृत्त होणं. मधल्या काळात तिला मुलगी झाली. तो आता फोन काढून घेत नाही, असं अक्काकडून कळलं. मी महिन्या-दोन महिन्यांनी फोन करायची. मी विचारायची, बरी आहेस ना? हूं. मुलगी शाळेत जाते? हूं. इकडे कधी येणार? हूं. ती कधी माझा फोन टाळायची नाही, कधी रागावून बोलायची नाही. मी बोलत राहावं एवढ्यापुरता तिचा हुंकारा असायचा, आणि मी बोलत राहायची.

निवृत्त झाल्यावर मी पुस्तक लिहिलं. परदेशातल्या लेखिकांनी तिकडच्या परीकथा बायकांच्या बाजूनं नव्यानं लिहून काढल्यात, मग आपल्या कहाण्यांचं तसं का नको, ही माझी जुनी हौस. अक्काच्या सात कहाण्या घेतल्या आणि सातही उलटवल्या. त्यात नावडती राणी पहिली. माझ्या गोष्टीत ती पालखीची वाट बघत बसत नाही. एका संध्याकाळी ती गोफण खाली ठेवते आणि चालू लागते. पूर्वेच्या माळावर पोचते. तिथं एका धनगर म्हातारीचं खोपट. राणी दार वाजवते. म्हातारी दार उघडते, कोण कुठली विचारत नाही, घोंगडं अंथरते, भाकरी देते आणि सांगते, किती दिवस राहणार ते मी विचारणार नाही. पुढं पालखी येते तेव्हा राणी मेंढरांमागे गेलेली असते, आणि म्हातारी भोयांना ताक पाजून परत पाठवते.

ही गोष्ट गाजली. साताऱ्यात एका सभागृहात मी ती वाचली तेव्हा बायका रडल्या. माझी मुलगी पहिल्या रांगेत होती, तिची सासूही आली होती. एक कॉलेजची मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, अशी म्हातारी प्रत्येकीला मिळायला पाहिजे. मी तिच्या पुस्तकावर सही करून दिली आणि वर तेच वाक्य लिहिलं. इतकी निर्लज्ज मी होते, की लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही. मला खरोखर आठवलं नव्हतं. आठवलं नव्हतं म्हणजे काय, ते मला आता कळत नाही.

या मार्चमध्ये पुस्तक घेऊन मी अक्काकडे गेले. तिच्या गोष्टी, तिलाच ऐकवायला एवढा उशीर केला, याचं वाईट वाटत होतं. ती शेडीतच होती. गुडघे गेलेत, तरी हंगामात ती घरी बसत नाही. बायका बहुतेक नव्या, मला ओळखणाऱ्या दोघी-तिघीच. बाईंनी पुस्तक लिहिलंय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, वाचा की मग. मी अक्काच्या शेजारी बसले, चष्मा लावला आणि पहिलं वाक्य वाचलं.

"हूं," अक्का म्हणाली.

आजवर मी सांगणारी आणि ती हुंकारा देणारी, असं कधी झालं नव्हतं. मी वाचत गेले. सात राण्या, हूं. वरवंटा, हूं. कावळे, गोफण, हूं. राणी गोफण ठेवून निघाली तेव्हा एक बाई बरं केलं म्हणाली, आणि अक्कानं जोरात 'हूं' केलं. मी वाचलं: राणीनं खोपटाचं दार वाजवलं. हूं. म्हातारीनं दार उघडलं.

हुंकारा आला नाही.

मला वाटलं, तिला ऐकू आलं नसेल. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. ती बेदाणा निवडत होती. शेजारच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आमच्या रीतीप्रमाणे मी तिथं थांबायला पाहिजे होतं. पण माझ्या हातात पुस्तक होतं, आणि छापलेल्या पुस्तकाला कुणाच्या हुंकाऱ्याची गरज नसते. मी पुढं वाचत राहिले. घोंगडं, भाकरी, किती दिवस ते विचारणार नाही, पालखी, ताक. बायकांनी टाळ्या वाजवल्या. अक्कानं काळे दाणे ओंजळीत गोळा करून बाजूच्या टोपलीत टाकले.

"माझ्या कहाणीत म्हातारी न्हाई," ती म्हणाली.

मी म्हणाले, ती मी घातली, अक्का. जुनी गोष्ट नव्यानं सांगायची म्हणजे असंच असतं.

"कुठनं आणलीस?"

मी काहीतरी बोलले. मनातून आली, कल्पना केली, असंच काहीतरी. तिनं ते ऐकून घेतलं.

"आपल्या पोरीला का न्हाई गावली ती?"

तिचा आवाज चढला नव्हता. बायकांना ते कळलं नसेल, एखादीला कळलं असेल. मी इतकंच विचारू शकले, की तुला कुणी सांगितलं. पहिल्या बाळंतपणाला आलती तवा तिनं सांगितलं, असं अक्का म्हणाली. म्हणजे दहा वर्षं. त्या दहा वर्षांत मी किती वेळा तिच्याकडे आले, जेवले, माझ्या नातवाचे फोटो दाखवले. तिनं माझ्या पिशवीत दर वेळी बेदाण्याचा पुडा घातला होता. मी म्हणाले, मग मला बोलली का नाहीस? माझ्यावर ओरडायचं होतंस.

"मी कुणाला वरडू? माझ्याकडं आली असती तर मी बी पाठवलंच असतं तिला," अक्का म्हणाली. "पर मी पुस्तक न्हाई लिवलं."

मग तिनं चाळण पुढं ओढली आणि नवा ढीग घेतला. मीही निवडायला बसले, कारण उठून कुठं जायचं ते सुचत नव्हतं. बराच वेळ आम्ही दोघी काड्या वेगळ्या करत राहिलो. जेवायच्या सुट्टीत तिनं डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. मी तिच्यासमोर रडले. ती रडली नाही. तिचं रडून झालं असावं, मी नसताना.

सांगलीला आल्यावर मी वरची खोली उघडली. तिथं आता माझी पुस्तकं आणि पाहुण्यांच्या गाद्या आहेत. गाद्या खाली आणल्या, खिडकी उघडली, फरशी पुसली. हे कुणासाठी करतेय, ते स्वतःशीही बोलायचं धाडस नव्हतं. चार-पाच दिवस गेले. मग एका दुपारी, फरशी पुन्हा पुसून झाल्यावर, तिची मुलगी शाळेत आणि नवरा दुकानात असेल अशी वेळ बघून, मी तिला फोन लावला.

बरी आहेस ना? हूं. जेवण झालं? हूं. मला सरळ बोलायचं होतं. माझं चुकलं, खोली रिकामी आहे, ये, हे मी मनात घोकलं होतं. पण माफी मागायला आमच्या घरात कुणी कुणाला शिकवलंच नाही. मला फक्त गोष्ट सांगता येते.

मी म्हणाले, एक गोष्ट सांगते. मग ती म्हणाली, हूं.

मी म्हणाले, एक राणी होती.

हूं.

तिला कडी लावून ठेवलेली होती.

हूं.

ती एक दिवस बाहेर पडली आणि थेट मावशीच्या दारात आली.

मिक्सर नाहीतर पंखा, असं काहीतरी तिच्या घरात चालू होतं. ते तिनं बंद केलं. "हूं," ती म्हणाली.

मी म्हणाले, मावशीनं दार उघडलं. चार दिवस ठेवून घेतली. पाचव्या दिवशी मावशी स्वतः तिला एसटीत घालून परत नेऊन सोडून आली.

हुंकारा थांबला. मी थांबले. या वेळी हातात पुस्तक नव्हतं, आणि मी पुढं एक शब्द बोलले नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. खाली रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार लांब जाईपर्यंत आम्ही दोघी तशाच होतो. मला वाटलं, आता ती फोन ठेवेल, आणि तिनं ठेवावा असंही वाटलं.

"मावशीनं असं का केलं?" तिनं विचारलं. सहा वर्षांची असताना क्रेटवर बसून विचारलं होतं, तसंच. रागानं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, गेली बारा वर्षं.

मी म्हणाले, "मावशीच्या घरात लग्न होतं."

मग ती म्हणाली, "हूं."

म्हणजे पुढं सांग. हुंकारा आला की सांगणाऱ्यानं थांबायचं नसतं, ही आमची रीतच आहे. मी कानाला फोन लावून वरच्या खोलीत उभी होते, पुसलेली फरशी अजून ओली होती, आणि माझ्याजवळ पुढचं वाक्य नव्हतं.